दापोडीचा अनामिक चितारी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माटोळी बांधतात. दरवर्षीप्रमाणे माट्टी, कांगलां, घागऱ्यो असा सगळा रानचा ऐवज ओसरीवर पसरलेला असतो आणि आई एकेक जिन्नस उचलून त्याचे नाव सांगत असते. दोन-तीन वर्षांमागे माझ्या भाच्याने त्यातले कळलावीचे फूल उचलले आणि शाळेतली रंगपेटी काढून त्याचे चित्र करायला बसला. पाकळ्या वर वळलेल्या, कडा लाटेसारख्या, खाली हिरवट-पिवळा आणि टोकाला शेंदरी रंग. पाकळ्यांची रेघ जमेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी गणपती आला, गडबड झाली, आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा चित्राला बसला तेव्हा फूल सुकलेले होते. मग परसातल्या वेलीवरचे दुसरे फूल पाहायला गेला, तर ते पिवळ्याचे पार लाल होऊन गेलेले. "मामा, हे फूल रंग बदलते. मी कोणता रंग देऊ?" असे त्याने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. पण हाच प्रश्न दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात कुणाकुणाला रोज पडत होता आणि त्याचे उत्तर देण्यावरच त्यांचे पोट अवलंबून होते, हे मला ठाऊक होते. त्यातल्याच एका माणसाविषयी आज लिहायचे आहे. अडचण एवढीच की त्याचे नाव कुणालाच माहीत नाही.

आधी हे सांगितले पाहिजे की वनस्पतींची रंगीत चित्रे ही दिवाणखान्यात लावायची हौस म्हणून निघालेली नव्हेत. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी दोन कागदांमध्ये दाबून वाळवतो आणि जपून ठेवतो. अशी वाळवलेली फांदी शंभर-दोनशे वर्षे टिकते, पण तिचा रंग जातो. जांभळे फूल तपकिरी होते, पांढरे फूलही तपकिरीच होते. मांसल पाकळ्या, रसाळ खोड, आमरी म्हणजे ऑर्किडच्या फुलाची वळणे हे सगळे चपटे होऊन जाते. छायाचित्रण नुकतेच जन्माला आले होते आणि त्यात रंग नव्हता. त्यामुळे फूल जिवंत असताना कसे दिसत होते, हे सांगणारा एकच साक्षीदार उरायचा. तो म्हणजे चित्रकार. आणि हिंदुस्थानात हे काम बहुतेक ठिकाणी इथल्याच माणसांनी केले.

आता दापोडीकडे वळू. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे स्थानक माहीत असेल. आज तिथे कारखाने, वसाहती आणि वाहनांची गर्दी आहे. पण मुळा-पवनेच्या संगमाजवळच्या या गावाचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रजी पद्धतीने कवायत शिकवलेली एक पलटण होती. तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड याचा तळ दापोडीला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा हाच फोर्ड आपली माणसे घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला. पेशवाई बुडाली. फोर्डने दापोडीला बांधलेला बंगला पुढे १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला. पावसाळ्यात मुंबई सोडून गव्हर्नरने इथे राहायचे, आणि बंगल्याभोवती वनस्पतींची सरकारी बाग करायची, असा बेत होता. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव 'दापुरी' असे पडले.

या बागेचा कारभार १८३८ साली अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. १८०० साली जन्मलेला हा गृहस्थ कंपनी सरकारचा सर्जन. त्याआधी देवी टोचण्याच्या कामावर दख्खन-खानदेशात हिंडलेला. दापोडीबरोबरच जुन्नर भागातल्या हिवरे येथे औषधी वनस्पतींची लागवड त्याच्या देखरेखीखाली होती. विलायतेहून महागडी औषधे मागवण्यापेक्षा ती इथेच पिकवावीत, हा त्यामागचा व्यवहार. १८४७ साली मुंबई इलाख्यातल्या जंगलांचा कॉन्झर्वेटर म्हणून त्याची नेमणूक झाली आणि १८६० पर्यंत त्याने ते काम केले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असे तो सरकारला कळवत राहिला.

गोव्याच्या वाचकाला इथे एक ओळखीचा शब्द भेटेल. कुमेरी. डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही आपल्याकडच्या डोंगरी लोकांची शेती. गिब्सनचा तिला विरोध होता. त्याचे झऱ्यांबद्दलचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्याच काळात जहाजांसाठी आणि सरकारी बांधकामांसाठी सागवान पडत होते, हेही विसरून चालणार नाही. जंगल राखायचे ते कुणासाठी, हा प्रश्न तेव्हाही होता आणि अजूनही सुटलेला नाही. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तर, जंगलांचा कारभार अंगावर आला त्याच वर्षी, १८४७ मध्ये, गिब्सनने दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. १८५० पर्यंत हे काम चालले. दीडशेहून अधिक चित्रे तयार झाली. त्यांत सह्याद्रीतल्या वनस्पती आहेत, तशीच परदेशांतून आणून बागेत रुजवलेली झाडेही आहेत. ही चित्रे आज एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. गिब्सनने एन. ए. डालझेल या सहकाऱ्याबरोबर १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' हा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण दापोडीची चित्रे छापली गेली नाहीत. १८६७ साली गिब्सन वारला. चित्रे तशीच राहिली. शेवटी एडिंबराच्याच हेन्री नॉल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून २००२ साली 'द दापुरी ड्रॉइंग्ज' हे पुस्तक काढले. म्हणजे काढल्यापासून दीडशे वर्षांनी ती लोकांसमोर आली.

आणि ती काढली कुणी? उत्तर चार शब्दांचे आहे : एका अज्ञात पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने.

हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थबकलो. पोर्तुगीज-भारतीय म्हणजे आपला गोंयकारच की! त्या काळी गोव्याहून मुंबई-पुण्याला माणसे जात होतीच. कुणी आचारी, कुणी शिंपी, कुणी वाजंत्री, कुणी कारकून. त्यांतलाच कुणी हातात कुंचला असलेला का नसेल? आणि कुंचल्याची परंपरा आपल्याकडे कमी नव्हती. देवळांतल्या लाकूडकामाला, पाटांना, पालख्यांना रंग देणारे चितारी इथे होते. इग्रेजींच्या वेदींवर सोनेरी वर्ख आणि रंग चढवणारे हातही इथलेच. ख्रिस्ती देवकार्याच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असा निर्बंध १५६७ सालच्या गोव्यातल्या धर्मपरिषदेला घालावा लागला. लोक ज्या गोष्टी सर्रास करतात त्यांनाच मनाई करावी लागते, हे कोणत्याही परिपत्रकावरून कळते.

पण माझा उत्साह फार वेळ टिकला नाही, आणि टिकू नये हेच बरे. त्या काळच्या मुंबई इलाख्यात 'पोर्तुगीज' हा शब्द फार सैलपणे वापरला जायचा. वसई आणि साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पाने वसई जिंकल्यावरही तिथले ख्रिस्ती लोक तिथेच राहिले आणि इंग्रजांच्या कागदांत बराच काळ 'पोर्तुगीज' म्हणूनच ओळखले गेले. चौल-कोर्लईकडे पोर्तुगीज मिश्रित बोली बोलणारी वस्ती होती. तेव्हा दापोडीचा चितारी म्हापशाचा असेल, मडगावचा असेल, वसईचा असेल किंवा कोर्लईचाही असेल. ज्याचे नाव हरवले त्याच्यावर आपल्या गावाचे नाव डकवून मोकळे होणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा हरवणे होय. म्हणून मी त्याला गोव्याचा म्हणत नाही. चितारी मात्र म्हणतो, कारण तो आपल्याकडचा शब्द आहे आणि त्याच्या कामाला तो शोभतो.

त्याचे काम काय होते, ते जरा नीट पाहू. माळी सकाळी फांदी तोडून आणतो. चिताऱ्यापुढे ती पाण्यात उभी असते. तिच्याकडे काही तासच असतात. आधी पेन्सिलीने हलकी रेघ. पान देठाला नेमके कुठे जुळते, समोरासमोर की एकाआड एक, शिरा किती, कड दातेरी की साधी, हे सगळे बरोबर हवे, कारण यातले एक चुकले तरी झाड बदलते. मग पाण्यात कालवलेला पातळ रंग, एकावर एक थर देत. त्या काळात हिरव्यासाठी बहुधा नीळ आणि गांबोज नावाचा पिवळा डिंक मिसळत. दोन्ही झाडांतूनच आलेले. फूल पांढरे असेल तर कागद कोरा सोडायचा आणि भोवतीच्या सावलीने त्याला उठाव द्यायचा. शेवटी फूल उकलून त्याचे केसर आणि बीजांडकोश मोजायचे आणि वेगळे काढून दाखवायचे. वनस्पतिशास्त्रज्ञाला खरी गरज असते ती याची.

म्हणजे हा नुसता नकलाकार नव्हे. कळलावीच्या फुलाला कोणता रंग द्यायचा, हे ठरवणारा माणूस आहे. फूल सकाळी हिरवट, मग पिवळे, मग लाल. चित्रात एकाच फांदीवर कळी, अर्धे उमललेले फूल, जुने झालेले फूल आणि फळ एकत्र दाखवण्याची रीत होती. प्रत्यक्षात अशी फांदी क्वचितच मिळते. ती अनेक दिवसांच्या पाहण्यातून कागदावर रचावी लागते. चित्र एका क्षणाचे नसते, ते त्या झाडाच्या सगळ्या ऋतूचे असते. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले : सगळे रंग द्यायचे, प्रत्येक आपापल्या जागी.

आता नावांकडे येतो. इतर ठिकाणीही असेच होते का? नेहमीच नाही. कलकत्त्यात मेरी इम्पी या न्यायाधीशाच्या पत्नीने १७७७ पासून पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे काढून घेतली. तिच्याकडचा पाटण्याचा शेख झैनुद्दीन चित्रावर फारसीत आपले नाव आणि गाव लिहीत असे. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट याच्याकडे रंगिया आणि गोविंदू हे दोन तेलुगू चित्रकार होते. त्यांच्या चित्रांवरून छापलेल्या पानांखाली त्यांची नावे आली. वाइट एवढ्यावर थांबला नाही. १८५३ साली त्याने आमरीच्या एका प्रजातीला 'गोविंदूइया' असे नाव दिले. साहेबाने आपल्या पगारी चित्रकाराच्या नावाने वनस्पती ओळखली जावी असे ठरवले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. उलट कलकत्त्याच्या बागेत विल्यम रॉक्सबर्गने इथल्या चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली, तो संग्रह मात्र रॉक्सबर्गच्याच नावाने ओळखला जातो. ती काढणारे हात बहुतांशी अनामिक राहिले.

यात एक गंमत आहे. वाइटने गिब्सनचा सहकारी डालझेल याच्याही नावाने एक प्रजाती केली. तिचे नाव 'डालझेलिया', ओढ्यातल्या खडकांना चिकटून वाढणारी एक चिमुकली वनस्पती. ते नाव आजही चालते. 'गोविंदूइया' मात्र गळले, कारण त्या आमरीला आधीच दुसरे नाव होते असे ठरले, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे जुने नाव राहते. यात कुणाचा दुष्टावा नाही. पण साहेबाचे नाव खडकाला चिकटून राहिले आणि चित्रकाराचे वाहून गेले, हे खरे. गोविंदूचे नशीब एवढे बरे की नॉल्टीने २००७ साली वाइटच्या चित्रांवर तीन खंड काढले, तेव्हा त्यांच्या शीर्षकातच रंगिया आणि गोविंदू यांची नावे घातली. दापोडीच्या पुस्तकाच्या शीर्षकात गावाचे नाव आहे. चित्रकाराचे घालायला नावच नव्हते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण कोचीचे. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने 'होर्टुस मलाबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी मदत केली. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजाचे हे लोक. त्यांनी दिलेले १६७५ सालचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्षही नावानिशी आहे. चित्रांच्या ताम्रपटांवर झाडाचे नाव नागरीतही कोरलेले आढळते. साडेतीनशे वर्षांनंतर आपण या वैद्यांना नावाने हाक मारू शकतो. कारण व्हान रेडेला त्यांची साक्ष हवी होती, आणि साक्षीदाराला नाव लागते.

दापोडीच्या चिताऱ्याची साक्ष काही कमी मोलाची नव्हती. तीन वर्षे तो त्या बागेतल्या झाडांचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा कागदावर उतरवत होता. पण त्याला कुणी साक्षीदार मानले नाही. त्याला हत्यार मानले. कुऱ्हाडीचे किंवा दुर्बिणीचे नाव कुणी लिहून ठेवत नाही.

मी सरकारी कारकून आहे. वीस-बावीस वर्षे फायलींत गेली. टिपण मी लिहितो, मसुदा मी करतो, आकडे मी पडताळतो. सही साहेबांची असते. कार्यालयीन प्रतीच्या कोपऱ्यात माझी दोन आद्याक्षरे असतात, बाहेर जाणाऱ्या पत्रावर तीही नसतात. यात माझी तक्रार नाही. कारभार असाच चालतो आणि चुकले तर शिव्याही साहेबांनाच बसतात. पण एक अनुभव आहे. जुनी फाईल उघडली की अक्षरावरून मी माणूस ओळखतो. हा 'र' अमक्याचा, ही समासातली खूण तमक्याची. निवृत्त झालेले, वारलेले सहकारी कागदावर भेटतात. नाव नसले तरी हात असतो.

दापोडीच्या काही चित्रांच्या प्रती मी संगणकाच्या पडद्यावर पाहिल्या तेव्हा तशाच शोधक नजरेने पाहिल्या. वनस्पतिशास्त्र मला येत नाही. मी पाहत होतो तो हात. रेघ कुठे ठाम आहे, रंग कुठे विरळ होत गेला आहे. बाग आता उरली नाही. गव्हर्नरचे बिऱ्हाड दापोडीहून हलले, गणेशखिंडीला १८६४ ते १८७१ या काळात नवा वाडा उभा राहिला. तोच आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. वनस्पतींची बागही १८७३ मध्ये गणेशखिंडीला झाली. फोर्ड, माल्कम, गिब्सन सगळे गेले. दापोडीच्या त्या बागेत १८४७ ते १८५० मध्ये कोणते फूल नेमके कोणत्या रंगाचे उमलले होते, हे सांगायला आज एकच माणूस उरला आहे, आणि तो तोच आहे ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही.

त्याचे नाव कुठे तरी असेलही. एखाद्या पगारपत्रकात, एखाद्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. सापडले तर आनंदच आहे. पण सापडेपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. आज आपल्याकडे रानफुलांची छायाचित्रे काढणारे, माटोळीतल्या वनस्पतींची यादी करणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांना झाडाचे नाव सांगणारी कुणी तरी सत्तर वर्षांची बाई असते, वाट दाखवणारा कुणी तरी गुराखी असतो. चित्राखाली झाडाचे लॅटिन नाव घालताना एक ओळ त्यांच्यासाठीही ठेवावी. पुढच्या दीडशे वर्षांनी कुणाला 'अज्ञात' असे लिहावे लागू नये.

भाच्याचे चित्र शेवटी पुरे झाले. एका वेलीवर हिरवी कळी, पिवळे फूल आणि लाल फूल. पाने थोडी वाकडी आली आहेत. ते आईने देवखोलीच्या भिंतीला लावले. मी त्याला एवढेच म्हटले की खाली तुझे नाव लिही. त्याने लिहिले. मग थोडा विचार करून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : फुलाचे नाव आजीने सांगितले.